गॅरेजमधली सॉकेट्स, अर्थिंग आणि आरसीसीबी: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून घरच्या गॅरेजमधल्या विजेबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी वायरिंगच्या कामावर सुपरवायझर म्हणून उभा राहतो, त्यामुळे बरीच उत्तरं जागेवर पाहिलेल्या गोष्टींतून आली आहेत. नियम आहे तिथे नियम सांगितला आहे, आणि माझा सल्ला आहे तिथे तसं म्हटलं आहे. घाई असेल तर निदान ५, ६ आणि ७ हे तीन प्रश्न वाचा.

१. आमच्याकडे वेगळं गॅरेज नाही, पोर्चमध्येच गाडी लावतो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

आहे. पोर्च, जिन्याखालची जागा, परसातलं पत्र्याचं शेड, जुन्या घराची पडवी, सगळीकडे परिस्थिती एकच असते: ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी वस्तू आणि जवळपास पेट्रोल. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत कित्येक घरांतला यंत्रमाग बंद झाला आणि त्या खोलीत स्कूटर आली. तिथलं वायरिंग मात्र मागाच्या काळातलंच असतं. अशा खोलीला तर हे आधी लागू आहे (प्रश्न १८ पाहा).

आपल्याकडे घर बांधताना दिवाणखान्याचे पॉइंट चार वेळा बदलले जातात, आणि गॅरेजला शेवटच्या दिवशी व्हरांड्याच्या बोर्डातून एक तार ओढली जाते. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

२. नियम कुठले? कर्नाटकचे, महाराष्ट्राचे की केंद्राचे?

सुरक्षिततेचे नियम केंद्राचे आहेत. विद्युत कायदा २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीचे विनियम केले. आधीचे २०१० चे होते, आता २०२३ चे लागू आहेत. त्यांच्या जोडीला भारतीय मानकं आहेत: वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३, प्लग आणि सॉकेटसाठी आयएस १२९३, आरसीसीबीसाठी (वीज जमिनीत गळू लागली की ती तोडणारा स्विच, प्रश्न ५ पाहा) आयएस १२६४०. यातलं काहीही कोल्हापुरात एक आणि बेळगावात दुसरं असं नाही.

फरक पडतो तो खात्यात. आपल्याकडे जोडणी, मंजूर भार आणि मीटर हेस्कॉम या वीज कंपनीकडे, दर ठरवणारा कर्नाटकचा वीज नियामक आयोग, आणि ठेकेदाराचे परवाने कर्नाटक सरकारचे. म्हातारी माणसं अजून ‘केईबी’ म्हणतात, ते हेस्कॉमलाच.

३. गॅरेजमध्ये किती सॉकेट्स आणि कुठल्या प्रकारची घ्यावीत?

माझा सल्ला: किमान एक ६ अँपिअरचं आणि एक १६ अँपिअरचं. इलेक्ट्रिक गाडी असेल किंवा येणार असेल तर तिच्यासाठी तिसरं, अगदी स्वतंत्र.

आकडेमोड सोपी आहे. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट, २३० गुणिले १६ म्हणजे ३६८० वॅट. हँड ड्रिल, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, दिवा ६ वर चालतो. प्रेशर वॉशर, मोठा ग्राइंडर, वेल्डिंगचं छोटं मशीन १६ वर.

सॉकेट तीन पिनचंच हवं, आयएसआय छापाचं, आतून झडप असलेलं म्हणजे पोरांनी खिळा घातला तरी फेजला टेकणार नाही. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा खटका हवा आणि तो खटका फेजवर हवा, न्यूट्रलवर नव्हे. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. अर्थची पिन लांब आणि जाड असते ती उगाच नाही: प्लग घालताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. कुठलाही प्लग बसतो अशी बहुभोकी सॉकेट्स गॅरेजमध्ये लावू नका. त्यांत पिन घट्ट धरली जात नाही, सैल राहते आणि तापते.

४. व्हरांड्याच्या बोर्डातूनच तार ओढून गॅरेजला सॉकेट दिलं तर काय बिघडतं?

तार बिघडते. दिव्या-पंख्याच्या सर्किटला १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार असते. त्यावर १६ अँपिअरचं सॉकेट लावलं तर तार भिंतीच्या आत तापते आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. गॅरेजच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) स्वतंत्र सर्किट घ्या: तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची तार, अंतर जास्त असेल किंवा गाडी चार्ज करायची असेल तर ४ ची, आणि त्यावर स्वतःची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच). फेज-न्यूट्रलबरोबर हिरवी अर्थची तार त्याच पाइपातून सॉकेटपर्यंत गेलीच पाहिजे.

जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूज असतात. फ्यूज उडाला की कुणीतरी तांब्याचे दोन-तीन पदर पिळून बसवतो. तो फ्यूज मग कधीच उडत नाही, आणि उडायची वेळ तारेवर येते. किटकॅट काढून एमसीबी बसवणं हे या पानावरच्या सगळ्यांत स्वस्त कामांपैकी एक आहे.

५. एमसीबी बसवली आहे, मग आरसीसीबी कशाला? दोन्ही एकच ना?

नाही, दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत.

एमसीबी तारेची राखण करते. १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या वर प्रवाह गेल्याशिवाय हलत नाही. ओल्या अंगाने कुणी २३० व्होल्टला चिकटलं तर त्याच्यातून जाणारा प्रवाह साधारण अँपिअरच्या दहाव्या हिश्शापासून पाव अँपिअरपर्यंत असतो. माणूस मरायला तेवढा पुरतो, पण एमसीबीच्या दृष्टीने तो एक बल्ब लावल्यासारखा आहे. ती पडत नाही.

आरसीसीबी फेजवरून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलवरून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. दोघांत फरक पडला म्हणजे काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने, अंगातून किंवा ओल्या भिंतीतून, जमिनीत जातोय. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत तोडायला हवं, आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदाच्या आत. १० मिलीअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही, म्हणून हा वेग महत्त्वाचा.

केंद्रीय विनियमांत घरगुती जोडणीसाठी ही मर्यादा ३० मिलीअँपिअर आहे. बाजारात १०० आणि ३०० च्याही मिळतात आणि बाहेरून अगदी सारख्या दिसतात. उद्यमबागेतल्या कारखान्यातून निघालेली १०० ची आरसीसीबी ‘चांगली आहे’ म्हणून घरात बसवलेली मी स्वतः पाहिली आहे. तिने माणूस वाचेलच याची खात्री देता येत नाही. तुमच्या डीबीवर आता जाऊन आकडा वाचा: ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलीअँपिअर असा असला पाहिजे.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, आणि पायात कोरडी रबरी चप्पल असली, तर आरसीसीबीला फरक दिसत नाही, ती पडणार नाही. आणि जास्त भाराला ती तोडत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतेच. दोन्ही कामं एकात करणारी आरसीबीओ मिळते. गॅरेजच्या सर्किटला मी हल्ली तीच बसवतो, कारण गळती गॅरेजमध्ये झाली तर फक्त गॅरेज बंद पडतं, घरातला फ्रिज चालू राहतो.

महिन्यातून एकदा तिच्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबा. खटकन पडली पाहिजे. पण ते बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं. तुमचं अर्थिंग चांगलं आहे की नाही याबद्दल ते काहीही सांगत नाही.

६. वायरमन म्हणतो अर्थिंग आहे. खरंच आहे का हे कसं कळणार?

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याची. सीमाभागातल्या घरांत अर्थिंग ‘आहे’ म्हणजे बहुतेकदा बोर्डात हिरवी तार आहे. ती पुढे कुठे जाते ते कुणी पाहिलेलं नसतं.

आधी डोळ्यांनी तपासा. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा दिसतो का? आयएस ३०४३ प्रमाणे पाइपचं अर्थिंग करायचं तर ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा गाडायचा, घराच्या भिंतीपासून दीड मीटर लांब. पाइपच्या भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नाळकं, आणि अर्थची पट्टी पाइपाला बोल्टने घट्ट आवळलेली. पट्टी गंजून तुटलेली आणि घरात सगळे निर्धास्त, हे मी कितीदा पाहिलं त्याचा हिशेब नाही.

मग माती. निपाणी, चिकोडीकडच्या काळ्या रानात ओल धरली जाते, अर्थिंग चांगलं मिळतं; पण एप्रिल-मे महिन्यात जमीन भेगाळते आणि पाइप मातीपासून सुटतो. खानापूर, जांबोटीकडे उलट अडचण. जांभा खणायला कठीण आणि पाणी त्यातून झिरपून जातं, म्हणून प्रतिकार जास्त येतो. पाइप हाताने ठोकून जात नाही, मग काही जण तो हातभर पुरून वर सिमेंट ओततात. तसलं अर्थिंग दिसतं चांगलं आणि काम काहीच करत नाही. जांभ्यात खड्डा मोठा घ्यावा लागतो, बाहेरून माती किंवा बेंटोनाइट आणून भरावं लागतं, आणि एकाऐवजी दोन पाइप घालून जोडावे लागतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नाळक्यात बादलीभर पाणी ओता, दोन्ही मातींत.

खरी परीक्षा अर्थ टेस्टरने होते, आणि ती वायरमनने तुमच्यासमोर करावी. आकडा ओहममध्ये येतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघण्याची जुनी पद्धत घरच्यांनी करू नये: अर्थिंग खराब असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तूंच्या अंगावर वीज येते.

आता हिशेब बघा, म्हणजे आरसीसीबी आणि अर्थिंग दोन्ही का लागतात ते कळेल. समजा अर्थिंग १० ओहम आहे, घरासाठी वाईट म्हणण्यासारखं नाही. प्रेशर वॉशरच्या आत फेज मशीनच्या धातूच्या अंगाला टेकला. जमिनीत जास्तीत जास्त २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जाणार. १६ ची एमसीबी २३ अँपिअरला लगेच पडत नाही, तासभरसुद्धा तग धरू शकते. तेवढा वेळ मशीनच्या अंगावर जीवघेणं व्होल्टेज. त्याच ठिकाणी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर दोष झाल्या क्षणीच, कुणी हात लावायच्या आधी पडते. अर्थिंग शंभर ओहम झालं तरीही पडते. पण अर्थची तारच नसेल, तर तिला पडायला कुणीतरी मशीनला हात लावण्याची वाट पाहावी लागते. तिसरी वाट मग माणसाच्या अंगातूनच असते.

७. आमच्या सॉकेटला अर्थची तार नव्हती. वायरमनने अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडली आणि म्हणाला एकच आहे. बरोबर केलं का?

अत्यंत चूक केलं. आजच काढून घ्या.

न्यूट्रल आणि अर्थ टीसीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) एकत्र असतात हे खरं, म्हणून हा गैरसमज होतो. पण तुमच्या सॉकेटपासून खांबापर्यंत न्यूट्रल कुठेही सुटला, मीटरजवळचा एक सांधा सैल झाला तरी, चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज मागच्या वाटेने न्यूट्रलवर येतो. तिथून तो तुमच्या अर्थच्या पिनवर आणि तिथून वॉशिंग मशीनच्या, ग्राइंडरच्या अंगावर. म्हणजे जी पिन तुम्हाला वाचवायला दिली, तीच वीज तुमच्या हातात आणून देते. बिघाड मशीनमध्ये नसतानाही.

जुन्या दोन तारांच्या वायरिंगला योग्य उपाय एकच: डीबीपासून हिरवी तार नवीन ओढणं. ते होईपर्यंत सर्किटवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि त्या सॉकेटवर धातूचं अंग असलेलं काहीही लावू नका.

८. पावसात आरसीसीबी सारखी पडते. वायरमन म्हणतो काढून टाकू. काढू का?

काढू नका. ती पडते म्हणजे कुठेतरी वीज खरंच जमिनीत जाते आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, पोर्चच्या उघड्या सॉकेटमध्ये पाणी जातं, उंदराने कुरतडलेली तार ओल्या पाइपात पडलेली असते.

शोधायची पद्धत अशी. सगळे प्लग उपसा. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. जिच्यावर पडेल त्या सर्किटमध्ये दोष. पण एक अपवाद बऱ्याच वायरमनना चकवतो: ‘सिंगल पोल’ एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दोष न्यूट्रल आणि अर्थमध्ये असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडत राहते. तेव्हा मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरच्या तारा एकेक सोडवून पाहाव्या लागतात, आणि ते वायरमनचंच काम आहे.

एकाच आरसीसीबीवर अख्खं घर असेल तर सगळीकडची बारीक-बारीक गळती मिळूनही ती पडते. अशा वेळी गॅरेज, गीझर आणि बाकी घर वेगवेगळ्या आरसीबीओवर विभागणं हा उपाय (प्रश्न ५).

९. सॉकेट किती उंचीवर असावं?

गॅरेजमध्ये मी जमिनीपासून सव्वा मीटरच्या खाली सॉकेट देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टाकी किंवा कार्ब्युरेटर पाझरला तर ती फरशीवर पसरून बसते, आणि खटका दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही तिला पुरते. शिवाय खालच्या सॉकेटला गाडी धुतानाचं पाणी लागतं आणि गाडीचा बंपरही.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनसाठी नियमांत सॉकेटची उंची तयार जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर सांगितली आहे. घरच्या गॅरेजमध्येही त्याच्या खाली जाऊ नये.

१०. पत्र्याच्या शेडमध्ये वायरिंग करताना काय पाहायचं?

पत्र्याला भोक पाडून तार तशीच आत घेतलेली असते, हे पहिलं पाहा. वाऱ्याने पत्रा हलतो, भोकाची धार तारेचं कव्हर कापते, आणि एके दिवशी अख्खं शेड फेजवर येतं. पावसात त्याला टेकलेलं जनावर किंवा वाळत घातलेले कपडे काढणारी बाई, कुणालाही धक्का बसतो. तार कडक पाइपातूनच न्या, भोकाला रबरी वाशर बसवा, आणि शेडचा लोखंडी सांगाडा अर्थला जोडा. गॅरेजचं शटर मोटरवर चालत असेल तर त्याच्या चौकटीलाही अर्थ हवा. सर्किटवर आरसीसीबी हवीच.

कपडे वाळत घालायची तार शेडच्या खांबाला बांधू नका. लोखंडी तार असेल तर मुळीच नको.

११. इलेक्ट्रिक स्कूटर साध्या सॉकेटवर चार्ज केली तर चालते का?

चालते, पण सॉकेट कसलं ते महत्त्वाचं. दुचाकीचे चार्जर साधारण ६०० वॅटपासून हजार-दीड हजार वॅटपर्यंत घेतात. कागदावर काही ६ अँपिअरमध्ये बसतात, पण चार्जर चार-पाच तास सलग चालतो. मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि थंड होतो, चार्जर थंड होत नाही. म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र सर्किट. पहिल्या आठवड्यात तासाभराने प्लगच्या प्लास्टिकवर हात ठेवून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर लगेच बंद करा, सॉकेट बदला. पिवळं-तपकिरी पडलेलं सॉकेट पुन्हा वापरू नका.

काढता येणारी बॅटरी घरात नेऊन पलंगाखाली, जिन्यात किंवा दरवाजाच्या वाटेत चार्ज करू नका.

१२. कारसाठी चार्जर लावायचा आहे. हेस्कॉमची वेगळी परवानगी लागते का? गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) जाईल का?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या आहे त्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते. पाहायचा तो मंजूर भार. तो बिलावर किलोवॅटमध्ये असतो. तीन पिनच्या पोर्टेबल चार्जरला साधारण ३.३ किलोवॅट लागतात, भिंतीवरच्या ३२ अँपिअरच्या चार्जरला ७ च्या वर. मंजूर भार २ किलोवॅट असेल तर आधी आरआर नंबर (बिलावरचा जोडणीचा क्रमांक) घेऊन उपविभागीय कार्यालयात भारवाढीचा अर्ज करा. भिंतीवरच्या चार्जरला डीबीपासून स्वतंत्र तार, निदान ६ चौरस मिलिमीटरची, आणि त्याच्यासाठी ए प्रकारची आरसीसीबी हवी. घरात सर्रास असते ती एसी प्रकारची चालत नाही: चार्जरमधून डीसी गळती झाली तर ती आंधळी होऊ शकते. चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअर डीसीची सुरक्षा आधीच आहे का, हे विकत घेताना विचारा. नसेल तर बी प्रकारची लागते आणि ती महाग असते.

गृहज्योतीचं उत्तर युनिटमध्ये आहे. तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीवर ठरावीक वाढ धरून पात्र युनिट ठरलेले असतात. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर जास्तीच्या युनिटचे पैसे, २०० ओलांडले तर त्या महिन्याचं पूर्ण बिल. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी कार घरी चार्ज केली तर साधारण १३०-१५० युनिट वाढतात. स्कूटर एक दिवसाआड चार्ज केली तर ५० च्या आसपास. हिशेब आधी करून ठेवा.

१३. एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जर लावला तर?

लावू नका. चार्जिंग स्टेशनच्या नियमांतही गाडीच्या केबलला जोडकेबल लावायला मनाई आहे, आणि उभी गाडी चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत असावी असं सांगितलं आहे. ड्रिलसारख्या थोड्या वेळाच्या कामाला एक्स्टेन्शन चालतं, पण तीन तारांचं, आणि रिळावरची तार पूर्ण उलगडून. गुंडाळलेली तार आतून तापते.

१४. इन्व्हर्टरची बॅटरी गॅरेजमध्ये आहे, आणि तिथलं सॉकेटही इन्व्हर्टरवर घेतलं आहे. काही अडचण?

दोन आहेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेट्रोलच्या वाफेच्या उलट, हलका असतो, वर चढून छताशी साठतो. म्हणून बॅटरीच्या बरोबर वर बोर्ड नको, आणि भिंतीत वरच्या बाजूला झरोका हवा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. लाईट गेल्यावर वीज इन्व्हर्टरमधून येते. आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी बसवलेली असेल तर तेव्हा त्या सॉकेटला संरक्षण नाही. आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये चुकीच्या ठिकाणी मिसळला तर लाईट असताना आरसीसीबी विनाकारण पडत राहते. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरवर फक्त दिवा घ्या, सॉकेट घेऊ नका.

१५. पोर्चबाहेर गाडी धुवायला आणि पाण्याच्या मोटरला सॉकेट हवं आहे. साधं चालेल?

नाही. छप्पर असलेल्या पण पावसाचे शिंतोडे येणाऱ्या जागी आयपी ४४ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी), थेट पाण्याच्या माऱ्यात आयपी ५५ किंवा वरचं, झाकणाचं सॉकेट घ्या. झाकण प्लग घातलेला असतानाही बंद होणारं असावं. प्रेशर वॉशर म्हणजे पाणी, वीज आणि ओले पाय एकाच वेळी. आरसीसीबी नसलेल्या सॉकेटवर तो कधीच लावू नका.

१६. घरापासून लांब, परसाच्या टोकाला शेड आहे. तिथे वीज कशी न्यायची?

झाडाला तार बांधून नव्हे. आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल पाऊण मीटर खोल पुरा, खाली-वर वाळू, त्यावर विटा, आणि त्यावर इशाऱ्याची पट्टी, म्हणजे उद्या नळासाठी चर खणणाऱ्याला कळेल. आरसीसीबी घराच्या टोकाला, म्हणजे केबलही तिच्या राखणीत येते. शेडमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्वतंत्र मेन स्विच, आणि शेडचं स्वतःचं अर्थिंग (प्रश्न ६). केबलचं आर्मरही अर्थला जोडायचं.

१७. सॉकेट मी स्वतः बदलू शकतो का? आणि आमचा वायरमन महाराष्ट्रातल्या चंदगडचा आहे, तो चालेल का?

बिघडलेल्या सॉकेटच्या जागी तसंच नवीन बसवणं, बल्ब, पंखा, खटका, फ्यूज बदलणं, म्हणजे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही असं काम, नियमांतून वगळलेलं आहे. मेन बंद करून, टेस्टरने दोन्ही बाजू तपासून करता येतं. नवा पॉइंट, नवी तार, डीबीत बदल, हे मात्र सरकारी परवाना असलेल्या ठेकेदारामार्फत आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

चंदगड, गडहिंग्लजची पोरं आपल्याकडे वर्षानुवर्षं कामाला येतात आणि त्यांतल्या कित्येकांचा हात उत्तम आहे. प्रश्न हाताचा नाही, सहीचा आहे. काम बेळगाव जिल्ह्यात आहे, तर ठेकेदाराचा परवाना कर्नाटकात चालणारा हवा. भारवाढ किंवा नव्या जोडणीच्या कागदांवर तीच सही लागते.

१८. मागाच्या काळातली थ्री फेज जोडणी तशीच आहे. त्याच खोलीत गॅरेज केलं. काय तपासू?

प्रथम जोडणी कुठल्या वापराची आहे ते बिलावर बघा. मागाची जोडणी घरगुती नसते, आणि घरगुती जोडणीवर गाड्या दुरुस्तीचा धंदा चालवला तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वापर बदलला असेल तर अर्ज करून जोडणीही बदलून घ्या.

मग तारांचे रंग. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. पण नव्या मशीनच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. म्हणजे भिंतीतली निळी तार फेज आणि मशीनची निळी तार न्यूट्रल. रंगाला रंग जोडला तर मशीनला एका फेजऐवजी दोन फेज मिळतात, ४०० व्होल्टच्या आसपास. रंगावर जाऊ नका, प्रत्येक तार मोजून घ्या.

मागाच्या मोटरचे उघडे राहिलेले तारांचे शेंडे भिंतीत टेप गुंडाळून सोडलेले असतात. ते डीबीपासूनच काढून टाका.

१९. अमेरिकेतल्या व्हिडिओत गॅरेजला जीएफसीआय सॉकेट सक्तीचं सांगतात. ते मागवू का?

मागवू नका. तिथे १२० व्होल्ट आहेत, सॉकेटचा आकार वेगळा, आणि ते सॉकेट ५ मिलीअँपिअरच्या आसपास पडतं. तिथल्या संहितेत १९७८ पासून गॅरेजला ही सुरक्षा आहे आणि गाडीच्या प्रत्येक जागेमागे एक सॉकेटही सांगितलेलं आहे. आपल्याकडे तेच काम डीबीतली ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी करते.

२०. गॅरेजमध्ये कुणी विजेला चिकटलं तर आधी काय करायचं?

त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. म्हणून मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवून ठेवा. मेनपर्यंत पोचता येत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर ढकला, स्वतः कोरड्या फळीवर उभं राहून. सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तो उठून बसला आणि ‘काही झालं नाही’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. खांबावरची तार तुटून पडलेली असेल तर जवळ जाऊ नका, हेस्कॉमचा १९१२ लावा.